हिरव्या मॅटवरचा गेरू

आमच्या घरी दिवाळीला गेरू लावत नाहीत. रांगोळी असते, ठिपक्यांची असते, आई अजूनही हाताने रेघ सरळ ओढते, पण खाली गेरू नाही. नुसत्या फरशीवर पांढरी रांगोळी दिसत नाही, हे मी तिला पन्नासदा सांगितलंय. "दिसेल ज्याला दिसायची त्याला," असं म्हणून ती पुढचा ठिपका टाकते. सासरी पहिल्या दिवाळीला मी गेरूचं पाकीट आणलं, तेव्हा ती दोन दिवसांसाठी आलेली होती. तिने ते पाकीट उचललं आणि माळ्यावर टाकलं. माझ्या सासूबाई बघतच राहिल्या. मला वाटायचं, त्या हॉलच्या प्रकरणात चारचौघांत अपमान झाला, म्हणून तिने गेरूवर राग धरलाय. ते प्रकरण एकदा लिहून टाकायला हवं. नाहीतरी आता ते माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

आम्ही राहायचो ते गाव ओमानमध्ये, सोहार आणि खाबुऱ्याच्या मधे, समुद्राला चिकटून. नाव सांगत नाही, तिथे अजून ओळखीची माणसं आहेत. बाबा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होते. पहाटे साडेपाचला कंपनीची बस खाली येऊन दोनदा हॉर्न वाजवायची, आणि तिसरा वाजायच्या आत बाबा डबा घेऊन जिन्यात असायचे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली एक शिंपी आणि एक लाँड्री. दिवसभर खालून इस्त्रीच्या वाफेचा फुस्सकन आवाज आणि वरून आमच्या एसीची घरघर. तो एसी बंद केला की घरात इतकी शांतता व्हायची की आईला माहेरची आठवण यायची, म्हणून ती तो शक्यतो बंद करायची नाही. शुक्रवारी सकाळी पोहे ठरलेले. त्यावर पिळायला खाबुऱ्याच्या बागांतली लिंबं, छोटी, पातळ सालीची, वास असा की पोह्यांना दुसरं काही नको. संध्याकाळी बाबा भट्टीवरून गरम खुबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, आणायचे आणि आई त्याच्याबरोबर पिठलं करायची. खुबूस-पिठलं हे आमचं राष्ट्रीय अन्न होतं म्हणा ना. आता मी मस्कतजवळ सीबला राहते, मोठमोठ्या दुकानांतून सगळं मिळतं, पण तसं पिठलं होत नाही. आई म्हणते, तुझा हात आखडता आहे तेलाला. असेलही.

तर हॉलची गोष्ट. आमच्या इंडियन स्कूलला एक मोठा हॉल होता. गावाला हॉल नव्हता. उलट गावाच्या बलदियाकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, दिव्यांचं झकास मैदान होतं आणि आमच्या शाळेकडे होता तो खडीचा पट्टा, तिथे पडलं की गुडघे सोलून निघायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपण वाटून वापरू. शाळा सुटेपर्यंत हॉल शाळेचा, चार वाजल्यापासून गावाचा. बदल्यात शाळेचे सामने बलदियाच्या मैदानावर. करार झाल्यावर बलदियाने हॉलमध्ये नवीन हिरवं मॅट बसवून दिलं, बॅडमिंटनसाठी, जमिनीला चिकटवलेलं, बारीक दाणेदार. ते आलं तेव्हा आम्हा पोरींना हात लावून बघायची चोरी. सकाळची प्रार्थना तिथेच व्हायची, त्यामुळे सगळी शाळा बूट बाहेर काढून मोज्यांवर उभी. त्या तीनेकशे मोज्यांचा वास मला आजही आठवतो. सोमवार आणि बुधवार चार ते सहा बायका-मुलींची वेळ. त्या वेळी गावातल्या ओमानी मुली यायच्या आणि आमच्या शाळेच्याही. मी तिथेच खेळायला शिकले, आणि बरी खेळायचे, असं स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. शुक्रवारी सकाळी शाळेच्या परवानगीने हॉल आम्हा भारतीयांच्या मंडळांना मिळायचा. अट एकच. चार वाजता गावाच्या ताब्यात द्यायचा, जसा होता तसा.

हा ताबा देण्याचा एक रिवाज होता. शाळेच्या बाजूने शिर्के काका, गावाच्या बाजूने खमीस. शिर्के काका संगमेश्वरकडचे, शाळेचे केअरटेकर, काटकुळे, मिशी मात्र दांडगी. खमीस बलदियाचा माणूस, पोट सुटलेला, हसरा, मुंबईच्या लोकांपेक्षा बरं हिंदी बोलायचा. किल्ली कधी खिळ्याला लटकायची नाही, ती हातातून हातात जायची. आधी दोघेही चपला काढायचे आणि अनवाणी त्या मॅटवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे, शेजारी शेजारी, सावकाश. डोळ्यांना दिसत नाही ते तळव्याला लागतं, असं काकांचं म्हणणं. एखादा खडा, एखादी टाचणी, वाळू. काही लागलं नाही की खमीस म्हणायचा, "खलास," आणि काका किल्ली त्याच्या हातावर ठेवायचे. मग पायरीवर बसून खमीसच्या थर्मासमधला कहवा आणि दोन दोन खजूर. रोज. मी बुधवारी लवकर पोचले की हे बघायचे आणि मला हसू यायचं. दोन मोठे पुरुष देवळात प्रदक्षिणा घालावी तसे त्या हॉलमध्ये चालतायत.

किल्ली खमीसकडे गेली तरी मुलींच्या वेळेला दाराशी काकाच बसायचे, आणि ते कुणालाही कशालाही हो म्हणायचे नाहीत. "काका, जाळी थोडी खाली करू?" "नाय." "काका, पंखा लावू?" "नाय वो बाय, शटल उडतंय त्यानं." नकारामागे कारण असायचं आणि ते कारण ऐकून घ्यावं लागायचं, तेच जास्त जिवावर यायचं. त्यांचा व्हिसा पुढच्या उन्हाळ्याआधी संपत होता आणि तो वाढवायचा की नाही ते शाळेच्या कमिटीच्या हातात होतं. ही गोष्ट गुपित नव्हती, ते स्वतःच बाबांना सांगायचे. गावाकडे घराच्या भिंती नवीन उभ्या होत्या, वर अजून जुनी कौलंच. "आनखी दोन वर्सं मिळाली ना साहेब, की स्लॅब पडतोय बघा." आमच्याकडे चहाला आले की हेच. आई त्यांना चकली द्यायची आणि म्हणायची, "पडेल हो, पडेल." स्लॅब हा शब्द मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकला की मला वाटायचं, आमचंच घर बांधलं जातंय.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाचं दिवाळी संमेलन शुक्रवारी सकाळी होतं आणि सजावट आईकडे होती. आई कुठलंही काम अंगावर घ्यायची ती लग्नघरासारखं. सुट्टीवरून येताना तिने गेरूची पुडी बॅगेत साड्यांच्या घड्यांत घालून आणली होती. एक साडी त्यातच रंगली, पण तिने ब्र काढला नाही. रांगोळी खरं तर बाहेर पोर्चच्या फरशीवर काढायची ठरली होती. पण त्या दिवशी सकाळपासून वारा, वाळू उडतेय, पहिली ओळ काढली न काढली तोच अर्धी गायब. आईने पदर खोचला आणि सांगितलं, रांगोळी आत, स्टेजसमोर. तिथे जाजमं घातलेली होती, त्यांच्यापुढे हिरव्या मॅटचा एक चौकोन मोकळा होता.

"अहो पण मॅटवर चालेल का?" मंडळातल्या कुलकर्णी काकू म्हणाल्या.

"रांगोळी काय, झाडली की गेली."

"आणि गेरू?"

"गेरूशिवाय काय पीठ सांडल्यासारखी काढू? पुसलं की जातो. आमच्याकडे दर सणाला लावतो आणि पुसतो." एवढं बोलून आईलाही थोडी शंका आली असावी, कारण ती माझ्याकडे वळली. "वैजू, जा, शिर्के काकांना विचारून ये. म्हणावं, स्टेजसमोर गेरू लावला तर चालेल का."

मी गेले. म्हणजे हॉलच्या बाहेर गेले. काका मागच्या फाटकाशी सामोशांचे खोके उतरवून घेत होते, पन्नास-साठ पावलांवर. आता हे लिहिताना मी स्वतःला विचारते, ती साठ पावलं मी का चालले नाही? एक तर मी त्यांच्यावर रुसले होते. आदल्या बुधवारी सामना शेवटच्या गुणावर असताना बरोबर सहाला त्यांनी दिवे घालवले होते. "सहा म्हंजे सहा, बाय." मी जिंकणार होते. दुसरं म्हणजे ते नाय म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं, मग कारण सांगणार, मग आई मला परत पाठवणार, मग परत नाय. ऊन मी म्हणत होतं. माझी रॅकेट पायरीवर पडली होती. मी स्टेजमागच्या भिंतीशी गेले, तिथे थोडी सावली आणि वाऱ्याला आडोसा होता, आणि भिंतीवर शटल मारत बसले. वर स्टेजची खिडकी होती, तिच्यातून कुणीतरी पेटीचे सूर तपासत असल्याचं ऐकू येत होतं. वीस-पंचवीस फटके मारले असतील. मग आत गेले आणि म्हटलं, "चालेल म्हणाले."

"बघा," आई कुलकर्णी काकूंना म्हणाली, आणि तिने मग्यात गेरू कालवला.

रांगोळी देखणी झाली, यात वादच नाही. हिरव्यावर तो लाल चौकोन, त्यावर पांढरे मोर. येणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. काका सामोसे आणि खुर्च्या यांच्यातून आत आले ते कार्यक्रम सुरू झाल्यावर, मागेच उभे राहिले, पुढे माणसं बसलेली. त्यांना रांगोळी दिसली ती दोन वाजता, माणसं उठल्यावर. मला त्यांचा चेहरा आठवतोय. ओरडले नाहीत. खाली बसले, बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "वैनी, ह्यो गेरू हाय?"

पांढरी रांगोळी झाडून निघाली. गेरू पुसायला घेतला तसा पसरायला लागला. मॅट दाणेदार, त्या दाण्यादाण्यांत ओला गेरू बसलेला. साबण झाला, लिंबू झालं, कोणी रॉकेल म्हणालं ते काकांनी लावू दिलं नाही. चार बायका गुडघ्यांवर बसून घासत होत्या, भरजरी साड्या नेसून. लाल चौकोनाचा तपकिरी चौकोन झाला, आणि बाजूला चांगला हातभर गुलाबी. बाहेर चारची वेळ झाली आणि खमीस चपला काढून आत आला. दोघे चालायला लागले. नेहमीसारखेच, शेजारी शेजारी. स्टेजपाशी आल्यावर खमीस थांबला, पाय उचलून टाच बघितली आणि म्हणाला, "शिर्के, ये क्या है?" काकांनी किल्ली पुढे केली, ती त्याने घेतली नाही. "कल बात करेंगे," म्हणाला. थर्मास न उघडता गेला. 

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मला तिसऱ्या तासाला प्रिन्सिपलच्या खोलीत बोलावलं. आत प्रिन्सिपल, बलदियाचा एक इंजिनिअर, खमीस, माझे आई-बाबा, आणि दाराशी काका. इंजिनिअरच्या समोर कराराचा कागद होता. वातावरण तसं शांत होतं, कोणी टेबलावर हात आपटला नाही. प्रश्न एवढाच होता की मॅटवर रंग लावायची परवानगी कुणी दिली. मंडळाने न विचारता लावला असेल तर चूक मंडळाची. शाळेच्या माणसाने हो म्हटलं असेल तर चूक शाळेची, आणि त्या माणसाची. आई ताठ बसलेली होती. "आम्ही न विचारता काही केलेलं नाही," ती हिंदीत म्हणाली. "ही विचारून आली. शिर्के हो म्हणाले."

खमीस एकदम हसला. "शिर्के? हाँ? मैडम, ये आदमी मेरे को चाय के लिए भी हाँ नहीं बोलता."

इंजिनिअरसुद्धा हसला. प्रिन्सिपल माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, तू स्वतः विचारलंस का, आणि ते हो म्हणाले का. मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही, अचंब्यानेही नाही. मी खेळताना चुकीचा फटका मारला की जसे बघायचे तसे. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत तेच बोलले. "सर, मैं बोला था. सामोसे का गडबड में था, ध्यान नहीं रहा. मेरी गलती है." मग प्रिन्सिपलनी परत मला विचारलं, असंच झालं ना? आणि मी मान हलवली. हो अशी.

एवढंच. लोक म्हणतात, लहान होतीस. चौदा वर्षांची होते, बीजगणित सोडवत होते, लहान कसली डोंबलाची. मला सगळं कळत होतं. कुठल्या कागदावर काय लिहिलं जाणार हेही कळत होतं, स्लॅबही कळत होता. नाही म्हणायला दोन सेकंद पुरले असते. मी वर्गात परत गेले आणि चौथ्या तासाला भूगोलाचा नकाशा काढला.

करार मोडला नाही. मंडळाचा शुक्रवार गेला, आणि हॉलची किल्ली काकांकडून काढून घेतली. त्यांना मेन गेटवर बसवलं. ताबा द्यायला ऑफिसातला एक जण यायला लागला, बूट घालून दाराशीच उभा राहायचा. खमीस त्याच्याबरोबर कधी आत चालला नाही. सही करायचा आणि किल्ली घ्यायचा. पायरीवरचा कहवा बंद झाला. मुलींची वेळ मात्र चालू राहिली, त्यामुळे मी सोमवार-बुधवार खेळतच होते. तो तपकिरी चौकोन नेमका स्टेजकडच्या सर्व्हिसच्या रेषेवर आला होता. त्या बाजूला गेले की मला त्याच्यावर उभं राहून सर्व्हिस करावी लागायची. गेटवर काका म्हणायचे, "जा बाय, खेळ. सहाला भायेर." तेच शब्द, तोच सूर. एकदा तरी टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. मी रोज ठरवायचे, आज सांगते. आईला सांगते, बाबांना सांगते. वार्षिक परीक्षा आली, मग संपली.

उन्हाळ्याच्या तोंडावर कमिटीने काकांचा व्हिसा वाढवला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, विचारलंही नाही. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. आईने त्यांना चिवडा आणि चकल्यांचा मोठा डबा बांधून दिला, घरी होतं नव्हतं तेवढं सगळं. तो डबा बांधताना तिच्या हातून सुतळी तीनदा सुटली. ती त्यांच्या पाया पडली. वयाने ते तिच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे. काका अवघडून म्हणाले, "ह्ये काय वैनी." मला वाटलं, आईला माणुसकी आहे. मी स्वयंपाकघरात पाणी पीत उभी राहिले, बाहेर आलेच नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी बाबा संगमेश्वरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून शिर्के काकांच्या घरी जाऊन आले. भिंती नव्या, वर कौलंच. काकांनी कोकमाचं सरबत दिलं आणि विचारलं, "वैजू खेळते का अजून?" बाबांनी हे मला फोनवर हसत सांगितलं. मी म्हटलं, नाही, वेळ कुठे मिळतो. त्यानंतर दोन वर्षांनी काका गेले. बाबाही आता नाहीत.

गेल्या दिवाळीला आई माझ्याकडे सीबला होती. ब्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत. सकाळी दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये स्टुलावर बसून ती माझ्या मुलीला ठिपके शिकवत होती. मुलीचं मराठी यथातथाच, पण हात चांगला आहे. "आजी, ये दिख नहीं रहा है," ती म्हणाली, "नीचे कुछ कलर पाहिजे." आई नेहमीचंच बोलली, दिसेल ज्याला दिसायची त्याला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी दारात उभी होते, तिथूनच सांगून टाकलं. पस्तीसेक वर्षं जे दडवलं होतं ते, मुलीसमोर, मोठ्याने, भरभर. आई, मी काकांना विचारलंच नव्हतं. मी खोटं बोलले. ते कधी हो म्हणालेच नव्हते. तू उगाच इतकी वर्षं गेरूवर राग धरून बसलीस, दोष माझा होता.

आईने रांगोळीची चिमूट परत डब्यात टाकली आणि बोटं पदराला पुसली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "स्टेजच्या खिडकीतून दिसत होतीस की. रॅकेटने भिंतीवर फूल मारत होतीस."

मी तिच्याजवळ खाली बसले. मग मी विचारलं, "मग तू गेरू का लावलास?"

"मला लावायचा होता." तिने रांगोळीचा डबा बाजूला सरकवला. "प्रिन्सिपलच्या खोलीत शिर्के हो म्हणाले ना, तेव्हा मला बोलायला हवं होतं. तू लेकरू होतीस. मी नव्हते."

मुलीने विचारलं, पुढचा ठिपका कुठे टाकू. आईने तिचं बोट धरलं आणि नुसत्या फरशीवर जागा दाखवली.